सागरहिमाचा इतिहास व त्याचीं साधनें

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, महजर, निवाडे, बखरी, शकावल्या, ताम्रपट व नाणीं हींच वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ज्या वस्तूस राजा नाहीं, दफ्तर नाहीं व वंशावळहि नाहीं, अशा वस्तूचा इतिहास लिहितां येतो काय, आणि येत असल्यास त्याचें प्रामाण्य कोणत्या कसोटीवर ठरवावें, हा प्रश्न विचारार्ह आहे. उत्तर ध्रुवाभोंवतालच्या समुद्रावर पसरणारें बर्फ ही अशीच एक वस्तु होय. तें कोणत्या शतकांत दक्षिणेकडे पुढें आलें व कोणत्या शतकांत मागें हटलें, हें शोधण्याचे प्रयत्न शंभर वर्षांहून अधिक काळ चालले आहेत. त्या प्रयत्नांचा वृत्तांत जुन्या कागदांच्या संग्राहकांपुढें ठेवण्याचें कारण असें कीं, या शोधाचा निकाल प्रथम प्रयोगशाळेंत लागला नाहीं. तो हस्तलिखितांच्या परीक्षणानें लागला.

येथें आरंभींच एक भेद स्पष्ट करणें अवश्य आहे. ग्रीनलंडच्या भूमीवर सांचलेलें बर्फ पडलेल्या हिमाचे थरांवर थर बसून झालेलें असून तें सहस्रावधि वर्षें टिकतें; त्याच्या थरांत प्राचीन हवेचे बुडबुडे कोंडलेले सांपडतात, म्हणजे तें आपलें दफ्तर आपणच बाळगतें. ज्यास आम्ही येथें सागरहिम म्हणतों तें तसें नव्हे. तें समुद्राचेंच पाणी गोठून तयार होतें, मार्चच्या सुमारास सर्वांत अधिक पसरतें व सप्टेंबरांत सर्वांत कमी उरतें. त्यांतील बराच भाग एका हिवाळ्यांत जन्मून पुढच्या उन्हाळ्यांत नाहींसा होतो. जें उरतें तेंहि कांहीं वर्षांत प्रवाहाबरोबर दक्षिणेस वाहत जाऊन वितळतें. वितळल्यावर त्याचा मागमूस राहत नाहीं. सारांश, ज्यानें स्वतःच्या हातचा एकहि कागद मागें ठेविला नाहीं अशा पुरुषाचें चरित्र केवळ इतरांच्या साक्षीवरून लिहावें, तसें हें काम आहे.

सागरहिमाचें संपूर्ण व अखंड मोजमाप १९७९ पासूनचेंच उपलब्ध आहे. १९७८ च्या ऑक्टोबरांत आकाशांत सोडलेल्या निंबस-७ या उपग्रहावरील यंत्रास ढग किंवा ध्रुवप्रदेशांतील दीर्घ रात्र यांचा अडथळा होत नसे. त्यानें आरंभिलेली मोजणी पुढें इतर उपग्रहांनीं चालू ठेविली. या मोजणीप्रमाणें १९७९ च्या सप्टेंबरांत बर्फाचा विस्तार सरासरी सुमारें ७० लाख चौरस किलोमीटर होता. २०१२ च्या सप्टेंबरांत एके दिवशीं तो सुमारें ३४ लाखांवर आला. ही घट मोठी खरी. परंतु अर्धशतकाहून कमी काळाची नोंद पाहून ही घट अपूर्व आहे किंवा असे चढउतार पूर्वींहि होत आले आहेत, असें कांहींहि निश्चयानें म्हणतां येणार नाहीं. त्यासाठीं मागील शतकांत शिरलें पाहिजे, आणि तेथें शिरावयाचें द्वार आइसलंडच्या जुन्या लेखांत आहे.

आइसलंड हा या बर्फाचा जणुं सरहद्दीवरील नाका होय. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यालगत एक थंड प्रवाह दक्षिणेकडे वाहतो व ध्रुवसमुद्रांतील बर्फ आपणाबरोबर आणतो. कडक वर्षीं हें बर्फ आइसलंडच्या उत्तर व पूर्व किनाऱ्यांस येऊन भिडतें. मग बंदरें कोंडतात, व्यापारी जहाजें येत नाहींत, गवत उगवत नाहीं, जनावरें मरतात आणि माणसांवरहि उपासमारीचा प्रसंग येतो. ज्या आपत्तीनें पोटास चिमटा बसतो तिची आठवण लोक ठेवितात. त्यांतून आइसलंडचे लोक लेखनाचे मोठे व्यसनी. बाराव्या शतकापासून त्यांनीं देशी भाषेंत अपार ग्रंथरचना केली आहे.

या द्वीपाचें नांवहि बर्फावरूनच पडलें. तेथील वसाहतीची हकीगत सांगणाऱ्या 'लान्दनामाबोक' या ग्रंथांत अशी कथा आहे कीं, फ्लोकी नांवाचा नॉर्वेकर तेथें आला असतां त्यानें एका डोंगरावर चढून पाहिलें, तों खाडी बर्फानें भरलेली दिसली. म्हणून त्यानें त्या देशास हिमभूमि हें नांव दिलें. हा प्रसंग इ. स. ८६५ च्या आसपासचा धरितात. आतां या साक्षीचें मूल्य पाहूं. उपलब्ध संहितांपैकीं सर्वांत जुनी संपूर्ण संहिता तेराव्या शतकांत स्तुर्ला थोर्दार्सन यानें सिद्ध केली, म्हणजे प्रसंगानंतर सुमारें चारशें वर्षांनीं. त्या संहितेचें जुनें चर्मपत्र १७२८ मध्यें कोपनहेगनच्या अग्निप्रलयांत जळालें. आज आपणांस ती वाचावयास मिळते ती सतराव्या शतकांत योन एर्लेन्ड्सन नांवाच्या धर्मोपदेशकानें केलेल्या नकलेवरून. नक्कल विश्वसनीय असली तरी तिच्या जोरावर नवव्या शतकांतील एका विशिष्ट वर्षीं बर्फ किती होतें हें ठरविणें म्हणजे पेशवाईंत लिहिलेल्या बखरीवरून यादवांच्या काळचें पर्जन्यमान ठरविण्यासारखें होईल.

त्या अग्निप्रलयाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. आर्नी माग्नुस्सोन (१६६३–१७३०) या आइसलंडकर विद्वानानें आपलें आयुष्य देशांतील हस्तलिखितें गोळा करण्यांत वेंचलें. १७२८ च्या आगींत त्याच्या संग्रहांतील हस्तलिखितांचा मोठा भाग वांचला. परंतु कित्येक हस्तलिखितें व बहुतेक सर्व छापील ग्रंथ जळाले. जे वांचलें त्यांतील आइसलंडविषयक हस्तलिखितें १९७१ पासून १९९७ पर्यंत डेन्मार्कनें आइसलंडास परत केलीं. यांतील शकावल्यांच्या ओळींत 'या वर्षीं बर्फ आलें' असे जे चार शब्द क्वचित् आढळतात, तेच आज एका मोठ्या शास्त्राचें भांडवल झाले आहेत.

या विखुरलेल्या उल्लेखांचा पहिला मोठा संग्रह थोर्वाल्दुर थोरोद्सेन यानें केला. त्याचा आइसलंडांतील हजार वर्षांच्या ऋतुमानाचा ग्रंथ १९१६–१७ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याचा परिश्रम अतुल होय. पुढें १९४५ मध्यें डॅनिश भूगर्भशास्त्रज्ञ लाउगे कॉक यानें पूर्व ग्रीनलंडच्या बर्फावरील आपल्या ग्रंथांत, किनाऱ्यावर बर्फ किती काळ व कोठवर राहिलें याच्या उल्लेखांवरून वर्षवार आंकडे बसवून शतकांचा आलेख काढला. आलेख दिसावयास नीटनेटका होता. तो अनेकांनीं प्रमाण मानला व त्याच्या आधारावर पुढील अनुमानांच्या इमारती उभ्या राहिल्या. परंतु पायांतील दगड कोणीं ठोकून पाहिले नव्हते.

तें काम १९७० नंतर झालें. १९७८ मध्यें बेल व ओगिल्व्ही या दोन अभ्यासकांनीं मध्ययुगीन हवामानाच्या अशा संकलनांचें परीक्षण प्रसिद्ध केलें, आणि त्यांपैकीं ॲस्ट्रिड ओगिल्व्ही या विदुषीनें पुढें आइसलंडच्या साधनांचा एकेक उल्लेख मुळापर्यंत नेऊन तपासला. त्यांची कसोटी आमच्या वाचकांस नवीन वाटणार नाहीं. लेखक त्या प्रसंगाचा समकालीन होता काय? त्या प्रदेशांत राहत होता काय? समकालीन नसेल तर त्यास माहिती कोठून मिळाली? तो दुसऱ्या ग्रंथावरून उतरून घेत असेल तर ती नवी साक्ष न धरतां जुन्याच साक्षीची प्रत धरावी. राजवाड्यांनीं १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याच्या प्रथम खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींस अस्सल पत्रांच्या कसाला लावलें, तोच हा मार्ग होय.

या परीक्षणांत तीन प्रकारचे दोष उघडकीस आले. पहिला, उत्तरकालीन वर्णन समकालीन समजून घेणें. दुसरा, एकाच कडक हिवाळ्याची दोन वर्षें होणें. एका शकावलींत एक सन व दुसरींत पुढचा सन पडला, आणि संकलनकारानें दोन्ही घेतले, म्हणजे एका आपत्तीच्या दोन आपत्ती झाल्या. शकावल्या मिळवून पाहणाऱ्यांस हा अनुभव नित्याचा आहे. तिसरा दोष सर्वांत सूक्ष्म व सर्वांत घातक, तो म्हणजे मौनाचा अर्थ लावणें. आइसलंडच्या मध्ययुगीन शकावल्या १४३० च्या सुमारास संपतात व त्यानंतर शतकाहून अधिक काळ लेख फार विरळ आहेत. ज्या आलेखांत 'उल्लेख नाहीं' याचा अर्थ 'बर्फ नाहीं' असा केला जातो, त्यांत हा काळ आपोआप सौम्य ठरतो. वस्तुतः त्या काळीं बर्फ नव्हतें असें नव्हे, लिहिणारा नव्हता.

शोधनानंतर जें चित्र उरलें तें पूर्वींच्या आलेखाइतकें सुबक नाहीं, परंतु अधिक खरें आहे. इ. स. १६०० नंतर साधनें पुनः विपुल होतात. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत जिल्ह्याजिल्ह्याचे अंमलदार डॅनिश सरकारास ऋतुमानाचीं पत्रें पाठवीत. हीं या इतिहासाचीं अस्सल पत्रें होत. त्यांतहि, दुर्दशेचें वर्णन करणारा अंमलदार वरिष्ठांकडून कांहीं सवलत मागत असेल, ही शक्यता धरून शेजारच्या जिल्ह्यांचीं पत्रें ताडून पाहावीं लागतात. या सर्वांवरून असें दिसतें कीं, सतराव्या शतकाचा मध्य तुलनेनें सौम्य होता. १६९० नंतरचें दशक कडक, व त्यांत १६९५ सालीं तर आइसलंडचा बहुतेक किनारा बर्फानें वेढला गेला. १७८० नंतरचें दशक पुनः कडक. १८८० नंतरचेंहि तसेंच. विसाव्या शतकाच्या आरंभापासून बर्फ ठळकपणें कमी झालें, तरी १९६५ ते १९७१ या वर्षांत तें पुनः येऊन भिडलें. म्हणजे ज्यास 'लघु हिमयुग' म्हणतात तो सलग थंडीचा काळ नसून, चांगल्या व वाईट दशकांची ती एक सरमिसळ होती.

एका ठिकाणची साक्ष सर्व प्रदेशास लावल्यानें काय होतें याचें उदाहरण देवमाशांच्या शिकारीच्या इतिहासांत आहे. १८१७ मध्यें व्हिट्बी येथील नाखुदा विल्यम स्कोर्सबी यास ग्रीनलंडच्या समुद्रांत ७४ ते ८० अक्षांशांच्या दरम्यान बर्फाचा मोठा विस्तार नाहींसा झालेला आढळला. त्यानें तें वृत्त लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांस कळविलें. त्यावरून ध्रुवाकडील मार्ग मोकळा झाल्याची आशा उत्पन्न होऊन ब्रिटिश आरमारानें १८१८ मध्यें दोन मोहिमा धाडल्या. त्यांपैकीं बुकनची मोहीम स्पिट्सबर्गेनच्या उत्तरेस बर्फांतच अडकली. स्कोर्सबीची साक्ष खोटी नव्हती. तो प्रत्यक्षदर्शी व अत्यंत सावध निरीक्षक होता. परंतु ती साक्ष एका समुद्राची व एक-दोन वर्षांची होती. चूक झाली ती तीस कायमची व सर्वत्र लागू असणारी मानण्यांत. प्रमाण शुद्ध असूनहि अतिव्याप्तीनें अनुमान कसें बिघडतें, हें नैयायिकांस वेगळें सांगावयास नको.

जहाजांच्या रोजनिशा हें या इतिहासाचें दुसरें मोठें दफ्तर. हडसन्स बे कंपनीचीं जहाजें दरसाल उन्हाळ्यांत हडसन सामुद्रधुनींतून जात. १७५१ ते १८७० पर्यंतच्या त्यांच्या रोजनिशांवरून त्या मार्गावरील बर्फाचा वर्षवार अंदाज बांधला गेला आहे. येथेंहि कालगणनेचा खोडा आहेच. इंग्लंडानें १७५२ च्या सप्टेंबरांत पंचांग बदलून अकरा दिवस गाळले. तेव्हां त्यापूर्वींच्या रोजनिशींतील तारीख तशीच घेतल्यास बर्फ अकरा दिवस आधीं फुटलेलें दिसेल. शक, सन व तिथि यांचा मेळ घालण्यांत ज्यांचे डोळे शिणले आहेत त्यांस याचें मर्म कळेल. अलास्काकडील समुद्रांत १८४९ नंतर गेलेल्या अमेरिकन शिकारी जहाजांच्या रोजनिशांतून असे पन्नास हजारांहून अधिक दिवसांचे उल्लेख काढले गेले आहेत. त्या धंद्यांत बर्फाची नोंद ठेवणें ही हौस नव्हती. १८७१ च्या सप्टेंबरांत तेहतीस जहाजें बर्फांत सांपडून सोडून द्यावीं लागलीं, आणि त्यांवरील बाराशेंहून अधिक माणसें होड्यांतून कशीबशी वांचलीं.

डॅनिश हवामानखात्याच्या जुन्या नकाशांची एक पद्धत विशेष अनुकरणीय वाटते. १८९३ पासूनच्या या नकाशांत, जेथें कोणीं प्रत्यक्ष बर्फ पाहिलें तेथें तांबड्या खुणा केलेल्या असत. उरलेला भाग कर्त्यांनीं तर्कानें भरलेला असे. पोथी छापतांना फाटलेल्या जागीं संपादकानें घातलेलीं अक्षरें चौकटी कंसांत ठेवावीं, त्यांतलाच हा प्रामाणिकपणा आहे. पुढील कांहीं संकलनांत मात्र या खुणांकडे दुर्लक्ष होऊन तर्क व दर्शन यांची सरमिसळ झाली.

जेथें लेख नाहींत तेथें मूक साक्षीदार बोलवावे लागतात. उत्तर ग्रीनलंडच्या ओसाड किनाऱ्यावर सायबेरियांतील व उत्तर अमेरिकेंतील वृक्षांचे ओंडके सांपडतात. लांकूड पाण्यांत फार दिवस तरंगत नाहीं. इतका दूरचा प्रवास तें बर्फांत गोठूनच करूं शकतें. म्हणून ओंडके असणें हें समुद्रांत वाहतें बर्फ असल्याचें चिन्ह होय, आणि लाटांनीं घडविलेल्या जुन्या किनारपट्ट्या हें मोकळ्या पाण्याचें चिन्ह होय. हे दोन पुरावे जुळवून डेन्मार्कच्या स्वेन्द फुन्दर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ मध्यें असें अनुमान मांडलें कीं, सुमारें ८००० ते ५००० वर्षांपूर्वींच्या काळांत कांहीं वेळां उन्हाळी बर्फ २००७ च्या नीचांकाच्या निम्म्याहूनहि कमी असावें. कॅनडाच्या उत्तरेकडील द्वीपांवर मिळालेल्या धनुर्मुखी देवमाशांच्या हाडांचा काळ कार्बनगणनेनें ठरवून तेथील खाड्या केव्हां मोकळ्या होत्या हेंहि सांगितलें जातें. कारण हा प्राणी बर्फाच्या कांठाबरोबर फिरतो व खाडी कायमची गोठलेली असल्यास आंत शिरत नाहीं.

तिसरा साक्षीदार समुद्रतळाच्या गाळांत आहे. सागरहिमाच्या खालच्या अंगास वसंत ऋतूंत कांहीं सूक्ष्म शैवालें वाढतात व एक विशिष्ट स्निग्ध द्रव्य निर्माण करितात; बर्फ वितळलें म्हणजे तें तळाशीं जाऊन बसतें. त्यास 'आयपी-२५' अशी संज्ञा असून, इंग्लंडांतील प्लिमथ येथील सायमन बेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ मध्यें त्याचा उपयोग दाखवून दिला. २००८ मध्यें आइसलंडच्या उत्तरेकडील गाळाचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत इ. स. १३०० च्या सुमारास हें द्रव्य एकाएकीं वाढलेलें आढळलें, आणि पुढील शतकांतील चढउतार लेखांवरून शोधून काढलेल्या इतिहासाशीं मिळते निघाले. त्या चौदाव्या शतकाच्या मध्याविषयीं ईवार बार्दार्सन या धर्माधिकाऱ्याच्या वृत्तांतांत असें म्हटलें आहे कीं, आइसलंडाहून ग्रीनलंडास जाण्याचा जुना जलमार्ग बर्फामुळें सोडावा लागला. हा वृत्तांत उत्तरकालीन डॅनिश प्रतींतूनच हातीं आला असल्यानें त्यावर एकट्यावर विसंबणें बरें नव्हतें. समुद्रतळाच्या गाळानें त्यास आतां पाठबळ दिलें. परंतु या साक्षीदाराचेंहि मौन फसवें असतें. द्रव्य मुळींच न सांपडलें तर बर्फ नव्हतें, किंवा बर्फ इतकें जाड व सार्वकालिक होतें कीं प्रकाशाअभावीं शैवाल वाढलेंच नाहीं, असे दोन परस्परविरुद्ध अर्थ निघतात. दुसऱ्या पुराव्याची जोड मिळाल्याखेरीज त्यांतून एक निवडतां येत नाहीं.

या सर्व साधनांचा मेळ घातला असतां निष्कर्ष काय निघतो? बर्फाचे चढउतार पूर्वींहि झाले, आणि नॉर्वेच्या टोर्ग्नी विन्ये यांनीं २००१ मध्यें दाखविल्याप्रमाणें, १८६४ नंतरच्या १३५ वर्षांत उत्तर अटलांटिकच्या त्या समुद्रांतील एप्रिलचें बर्फ सुमारें तृतीयांशानें घटलें असून त्यांतील जवळजवळ निम्मी घट १९०० पूर्वींची आहे. हें लपवितां कामा नये. उलट, १८५० पासूनच्या सर्व नोंदी एकत्र करून २०१७ मध्यें जो महिनावार संग्रह प्रसिद्ध झाला, त्यांत अलीकडील दशकांइतकी कमी उन्हाळी व्याप्ति कोठेंच आढळत नाहीं. सात-आठ सहस्र वर्षांपूर्वीं बर्फ कमी होतें हें खरें. पण तेव्हां अयनचलनामुळें व पृथ्वीच्या अक्षाच्या अधिक कलामुळें उत्तरेकडील उन्हाळ्यांत सूर्याचा ताप आजच्यापेक्षां जास्त पडे. आज तें कारण विद्यमान नाहीं. किंबहुना त्या मानानें ध्रुवसमुद्र हळूहळू थंड व्हावयास पाहिजे होता. सांप्रतच्या ओहोटीचें मुख्य कारण मनुष्यानें हवेंत सोडलेले उष्णता कोंडणारे वायु हें होय. कार्य सारखें दिसलें तरी कारण तेंच असतें असें नाहीं.

या विषयाचा उल्लेख होतांच महाराष्ट्रीय वाचकांस लोकमान्य टिळकांच्या १९०३ सालच्या 'दि आर्क्टिक होम इन दि वेदाज्' या ग्रंथाचें स्मरण होणें साहजिक आहे. त्यांतील वैदिक वचनांच्या अर्थाची चर्चा येथें प्रस्तुत नाहीं. परंतु हिमयुगानें ध्रुवप्रदेशांतील वसतीचा केलेला नाश व हिमोत्तर काळाचा आरंभ हीं दोन्ही टिळकांनीं इ. स. पूर्वीं १०००० ते ८००० या काळांत घातलीं होतीं. आजच्या भूगर्भशास्त्राप्रमाणें शेवटचें हिमयुग सुमारें १,१५,००० वर्षांपूर्वीं सुरू झालें, सुमारें २१,००० वर्षांपूर्वीं परमावधीस पोंचलें व इ. स. पूर्वीं ९७०० च्या सुमारास संपलें. म्हणजे ज्या काळीं थंडीनें वसति उठविली असें मानलें गेलें, त्या काळीं थंडी वस्तुतः ओसरत होती. टिळकांनीं आपल्या काळच्या भूगर्भवेत्त्यांचा आधार घेतला, तो घेणें योग्यच होतें. आधार बदलला म्हणजे त्यावरील अनुमान पुनः तपासावें, हाच त्यांच्या विद्वत्तेचा खरा आदर होय.

आतां संग्राहकांस एक विनंति. आइसलंडच्या अंमलदारांच्या पत्रांत किंवा नाखुद्यांच्या रोजनिशांत बर्फाचा उल्लेख येतो तो बहुधा जातां जातां, दुसऱ्याच कामाच्या ओघांत. लिहिणारास त्यांतून कांहीं सिद्ध करावयाचें नव्हतें, आणि म्हणूनच अशा उल्लेखाची साक्ष बळकट ठरते. आपल्याकडेहि असें घडलें आहे. मुंबईकडील किनाऱ्यावर १७८१ ते १८७८ या काळांत मोसमी पाऊस कोणत्या तारखेस लागला, हें जहाजांच्या रोजनिशा, वृत्तपत्रें व खासगी लेख यांवरून अभ्यासकांनीं ठरविलें आहे. आमच्या संग्रहांतील पत्रांच्या शेवटीं 'पर्जन्य उत्तम आहे', 'पाऊस लांबला', 'नदीस पाणी फार, उतार नाहीं' अशीं वाक्यें असतात. राजकारणाचा मजकूर छापून हा भाग 'वरकड मजकूर नित्याचा' म्हणून गाळण्याची चाल आहे. आमच्या मतें ती सोडावी. पत्र संपूर्ण छापावें, मित्ति जशीच्या तशी द्यावी, पत्र कोठून लिहिलें तें नोंदवावें, वाचतां न आलेली जागा रिकामी दाखवावी, आणि हिशेबाच्या चोपड्या रद्दींत घालूं नयेत. कोणत्या ओळीचा कोणास उपयोग होईल हें ती जपून ठेवणारास कळत नाहीं. चर्मपत्रावर शकावली उतरणाऱ्या आइसलंडकरासहि तें ठाऊक नव्हतें.